ओल्या कापडांचे दिवस

गेला पावसाळा सरल्यावर एक तरुण बाई आमच्या मागच्या दारी येऊन उभी राहिली. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आत ये म्हटलं, आली नाही. पाट दिला, बसली नाही. दोन्ही हातांनी लुगडं आवळून भिंतीला टेकून उभीच राहिली. मला काही विचारावं लागलं नाही. मीही एके काळी लोकांच्या दारात तशीच उभी राहत असे.

तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी कुणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाचताना बरं वाटणार नाही, हे आधीच सांगते. आजारपणावर लिहिणारे बहुतेक दुखण्याबद्दल लिहितात. माझ्या आजारात दुखणं थोडं होतं. किळस मात्र पोटभर होती. लोकांना माझी, मला लोकांची, आणि सगळ्यांत जास्त मला माझी स्वतःची.

ज्यांना एवढंच वाचून कागद खाली ठेवायचा असेल त्यांनी हे एक वाक्य घेऊन जावं: हे शिवता येतं. मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून माझं दीड वर्ष गेलं.

बाळंतपण

आमचं घर मालवणच्या पुढे खाडीकाठच्या वाडीत. नवरा, पास्कू, बोटीवर बटलर. वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात मी आणि सासू. सासूला आमच्यात माय म्हणतात. लग्नाआधी मी शाळेत शिकवत असे आणि रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे उपासना, झाल्यावर मुलींना धर्मशिक्षण देत असे. इस्त्रीचं पांढरं लुगडं, नखं कापलेली, केसांना वास येऊ नये म्हणून तेल बेताचं. मी तशी होते.

पहिलंच मूल. कळा सुरू झाल्या आणि संपेनात. सुईणीने हात टेकले तेव्हा मला होडीतून मालवणला नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने मूल ओढून काढलं. मुलगा होता. तो आधीच गेला होता. मायने त्याला आपल्या ओल्या बोटाने बाप्तिस्मा दिला. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, हे मी मुलींना शिकवत असे. तरी त्या वेळी मी तिला अडवलं नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी सकाळी अंथरूण ओलं दिसलं. ताप उतरला म्हणून घाम आला असेल, असं वाटलं. दुपारी पुन्हा ओलं. संध्याकाळी उठून उभी राहिले आणि पायांवरून कोमट धार खाली शेणाच्या जमिनीवर पडली. मला लघवीची जाणीवच झाली नव्हती. मी तिथेच उभी राहून बघत राहिले. मायही बघत होती. कोपऱ्यातलं जुनं धोतर उचलून तिने टराटरा फाडलं.

पुढे दीड वर्ष ती धार थांबली नाही. दिवसा नाही, झोपेत नाही, प्रार्थनेला गुडघे टेकले तरी नाही.

वास

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. सुरुवातीला नुसतं ओलं वाटतं. मग मांड्या लाल होतात, सोलतात, त्यांवर पांढुरके खरपुडे धरतात. चालताना फडकं त्यांवर घासतं. मुंगळे अंथरुणाचा माग काढत येतात. आणि वास. तो कपड्यांत बसतो, चटईत बसतो, मातीच्या भिंतीत बसतो. मी पाणी पिणं कमी केलं, म्हणजे धार कमी होईल. झालं उलटंच. वास अधिक उग्र झाला, डोळ्यांना झोंबू लागला.

माय पहाटे फडकी घेऊन विहिरीवर जायची. शेजारणींनी हरकत घेतली. त्यांची चूक नव्हती, पिण्याची विहीर होती ती. मग माय खाडीवर जाऊ लागली. खारं पाणी फडक्यात राहतं, फडकं नीट वाळत नाही आणि सोललेल्या कातडीला लागलं की आग होते. मी ओरडले की ती विहिरीवरून गोड्या पाण्याची कळशी आणून घरामागे सगळी फडकी पुन्हा खळबळायची. हे करताना तिचं तोंड चालू असायचं. सुनेनं आणलं काय तर मूत. देवा, नाक तेवढं काढून घे माझं.

तिचा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा. एकदा मी सांगितलं की निदान माझ्यादेखत तरी असं बोलू नका. ती फडकं पिळता पिळता म्हणाली, "घाण येता तर येता म्हणूचा. खोटा कित्याक बोलूचा?"

तेव्हा तिचा राग आला. नंतर भेटायला बायका येऊ लागल्या तेव्हा कळलं की खोटं बोलणारी माणसं याहून वाईट असतात. त्या दारातच बसायच्या, पदर सहज ओठांवर धरल्यासारखा नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, देव आपल्या लाडक्यांनाच क्रूस देतो. एकीने सायबिणीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, दिव्यातलं तेल आणलं. एकीने सांगितलं, हे सगळं हसतमुखाने सोस, तुझं बाळ स्वर्गात तुझ्यासाठी जागा धरून बसलंय. तिला दाराबाहेर ढकलावंसं वाटलं. ती गेल्यावर बसल्या जागची चटई मी पुसून घेतली. मला तिची घाण वाटली, खरंच.

इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी एकदाच गेले. जाड घड्या घालून, वरून मेणकापड बांधून. प्रवचन लांबलं. पुढच्या बाकावरची माणसं आधी मागे वळली, मग बाजूला सरकली. मी उठले. बाकावर ओला डाग राहिला होता. तो पुसायला माझ्याजवळ रुमालाशिवाय काही नव्हतं. मी रुमालाने पुसला आणि बाहेर आले. त्यानंतर पाद्री महिन्यातून एकदा घरी कोम्युनिऑन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानतात ती भाकरीची चकती, घेऊन येत. भला माणूस होता. पण ख्रिस्ताचं शरीर माझ्या जिभेवर ठेवताना तो श्वास रोखून धरायचा. मला ते दिसायचं. डोळे मिटले तरी कळायचं. ख्रिस्तही श्वास रोखूनच माझ्याकडे येतो, असं मला वाटू लागलं. मग मी पाद्रींना निरोप पाठवला की येऊ नका.

पास्कू

तो रजेवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी पावडरचा डबा आणि सेंटची बाटली आणली. त्याला पत्रातून बाळाचं कळवलं होतं, बाकीचं मायने कळवू दिलं नव्हतं. सगळं कळल्यावर तो काही वाईट बोलला नाही. रात्री चटई उचलून पडवीत गेला, एवढंच. मी सेंट लावून पाहिलं. त्या वासावर फुलांचा वास चढला की जे होतं ते कुणावर येऊ नये. बाटली मी खाडीत फेकली.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो मायला विचारत होता की हिला हिच्या वडलांकडे ठेवलं तर. मी आत होते. त्याला वाटलं मी झोपले आहे.

माय म्हणाली, "थंय तिचा कोण धुतलो?"

बस. सून आहे, लेक आहे, असलं काही ती बोलली नाही. तिच्या दृष्टीने तो धुण्याचा प्रश्न होता. पास्कू गेला. मी त्याला कधी दोष द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. आजही पूर्ण जमत नाही.

"हे शिवता येतं"

मांडीवरच्या फोडांत पू झाला आणि ताप चढला, म्हणून मायने मालवणच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीच माझं मूल काढलं होतं. आजवर त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी पुरुषाला सांगतात का? त्यांनी तपासलं, बाहेर जाऊन हात धुतले आणि दारातून विचारलं, केव्हापासून? मी सांगितलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, आत लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. हे शिवता येतं."

मला हसू आलं. फाटलेल्या उशीबद्दल बोलावं तसं ते बोलले होते.

एरवी आमची माणसं असल्या कामाला गोव्यात मडगावला जात, तिकडे नातलग आहेत. पण गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, हद्द बंद होती. डॉक्टरांनी घाटावरच्या एका मिशन हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तिथे बाईडॉक्टर हे काम करते, म्हणाले. मिशन आमच्या पंथाचं नव्हतं. वाडीतल्या एकीने मायला विचारलं, की तिथे मेली तर पुरणार कोण? माय म्हणाली की जिवंत असताना बोट लावायला कुणी आलं नाही, मेल्यावरचं बघू.

गाडी

मालवणहून एसटीने कणकवली, तिथून दुसऱ्या गाडीने घाट चढायचा. मी आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घड्यांवर घड्या आणि वर मेणकापड. माय खिडकीशी, मी तिच्या शेजारी.

कसाल मागे पडेपर्यंत निभावलं. पुढे एका वळणावर गाडी कलली आणि मेणकापडात साचलेलं सगळं एका बाजूने सुटलं. आधी माझ्या टाचेवर, मग फळीवर, मग गाडीच्या उतारासोबत पुढे. पुढच्या माणसाची पिशवी खाली ठेवलेली होती. त्याने ती झटकन उचलली, बोट लावून वास घेतला आणि उभा राहिला. कोण आहे, म्हणाला. कंडक्टर आला. गाडीतली सगळी तोंडं मागे वळली. एक बाई खिडकीबाहेर थुंकली.

मला रडू कोसळलं. काय सांगणार होते?

तेवढ्यात माय दांड्याला धरून उभी राहिली. बुटकी बाई, डोकं जेमतेम दांड्यापर्यंत. ती म्हणाली, "माझोच वास तो. म्हातारी झालंय, माका धरवना नाय."

कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, असल्या म्हाताऱ्यांना बाहेर काढतातच कशाला. कंडक्टरने तिला आधी सांगायला नको का म्हणून झापलं आणि आम्हाला शेवटच्या बाकावर जायला सांगितलं. त्याआधी माय खाली वाकली आणि आपल्या लुगड्याच्या सोग्याने ती फळी पुसून काढली. तो पिशवीवाला पाय वर घेऊन बसला होता. त्याच्या पायांखालूनही तिने पुसलं. ती थुंकलेली बाई तिच्याकडे किळसेने बघत होती. माझ्याकडे तसं कुणीच बघत नव्हतं. माझ्याकडे तर एक तरणी बाई आपल्या घाणेरड्या सासूला सांभाळते आहे, अशा दयेने बघत होते.

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि पाठोपाठ त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच किळस आली.

कणकवलीच्या स्टँडवर ती नळाखाली सोगा धूत होती तेव्हा मी विचारलं, तुम्ही असं का सांगितलं?

"मगे कोणी सांगूचा होता?" ती म्हणाली. "तू तर रडत बसलेलंस."

तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. सोगा पिळून तिने विचारलं की पुढची गाडी कुठे लागते.

वॉर्ड

त्या वॉर्डात शिरल्याबरोबर आमचा दोघींचाही श्वास अडला. तिथे माझ्यासारख्याच बायका होत्या. प्रत्येक खाटेखाली बादली. इतक्या दिवसांनी मी अशा जागी आले होते जिथे वास माझा एकटीचा नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. मला तिथून पळावंसं वाटलं. त्या बायकांमध्ये मी नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं.

माझ्या शेजारी तानूबाई होती, घाटावरच्या शेतकऱ्याची बायको. नवऱ्याने तिला बैलगाडीतून फाटकाशी सोडलं होतं आणि गाडी न थांबवता वळवून नेली होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं. ती भेटेल त्याला आपली हकीकत सांगायची आणि तंबाखू मागायची. मला ती आवडत नव्हती.

बाईडॉक्टर बोलायला तुटक होती. फोड भरल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणाली. भरपूर पाणी प्यायला लावलं. मी सांगितलं की पाणी प्यायलं की वाहतं. ती म्हणाली, "वाहू दे. इथे कोण लाजतंय?" रोज सकाळी ती यायची, चादर वर करायची आणि बघायची. श्वास रोखायची नाही. नाकाला काही लावायची नाही. हे मी पहिल्या दिवशीच तपासलं होतं.

समोरच्या भिंतीवर लाकडाचा क्रूस होता. त्यांच्या पंथात क्रुसावर येशूची मूर्ती नसते, नुसतीच दोन लाकडं. आमच्या इगर्जीतल्या क्रुसावर येशू असतो, गोरा, रंगवलेला, कपाळावर रक्ताचे नीट ओघळ, कमरेला स्वच्छ वस्त्र. त्या मूर्तीपुढे मी लहानपणापासून गुडघे टेकले. इथे मूर्ती नव्हती म्हणून मला तिथे माणूस लावून बघावा लागला. दिवसभर दुसरं काम काय होतं?

उन्हात तासन् तास टांगलेला माणूस. हात खिळलेले. माशी बसली तर उडवता येत नाही. घाम पुसता येत नाही. आणि शरीर आपलं काम थांबवत नाही. मी शरीराबद्दल बरंच शिकले होते. त्याला धरवलं नसेल. ते पायांवरून, लाकडावरून खाली आलं असेल. शिपाई हसले असतील, बघे नाक धरून मागे सरले असतील. आणि त्याची आई खाली अगदी जवळ उभी होती. तिला वास आला असेल.

हे कुणी मला शिकवलं नव्हतं आणि मीही मुलींना कधी शिकवलं नसतं. पाप तर नाही ना हे, म्हणून मी क्रुसाची खूण केली. पण ते चित्र जाईना. मग मला जाऊ द्यावंसंही वाटेना. श्वास रोखून माझ्याकडे येणारा ख्रिस्त मला माहीत होता. ज्याला स्वतःलाच वास येत होता असा ख्रिस्त मला त्या खाटेवर पहिल्यांदा भेटला. त्याच्यासमोर मी लाजले नाही. बोललेही काही नाही. आम्ही दोघं ओले होतो, एवढंच.

मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की फडकी त्याच्या आईनेच धुतली असतील.

पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा

पहिलं ऑपरेशन फसलं. नळी घालून मला उताणं ठेवलं होतं, कूस बदलायची नाही. नळी काढली आणि दुसऱ्याच सकाळी अंथरूण ओलं. धार बारीक होती, पण होती. मी उशी फेकली. वॉर्डात सकाळी जी परिचारिका प्रार्थना म्हणायची तिला मी नको ते बोलले. भिंतीवरच्या त्या क्रुसाकडे पाठ करून झोपले. सोसण्याने माणूस पवित्र होतो म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी मला बघायला हवं होतं. मी नुसती आंबट झाले होते, दुधासारखी.

बाईडॉक्टरने काही समजूत घातली नाही. भोक बरंचसं बुजलंय, थोडं राहिलंय, भरू दे, पुन्हा शिवीन, एवढंच म्हणाली. आम्ही घरी गेलोच नाही. परतीच्या गाडीत बसायची माझी तयारी नव्हती. माय आवारातल्या पडवीत राहिली, चूल मांडली, सुके बांगडे भाजून सगळ्या मिशनला नाक धरायला लावलं.

दुसऱ्या वेळी नळी काढली त्या रात्री मी झोपले नाही. उजाडताना डोळा लागला. जाग आली तेव्हा माय खाटेशी उभी होती. तिने हात चादरीखाली घातला, चाचपला. मग वाकली आणि चादरीला नाक लावून वास घेतला, माशाचा घ्यावा तसा.

"सुका आसा," ती म्हणाली.

तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग खाटेखालची माझी बादली बाहेर ओढली. ती रिकामी होती. माय रिकाम्या बादलीकडे बघत उभी राहिली. दीड वर्षाहून जास्त काळ तिची प्रत्येक सकाळ फडक्यांनी सुरू झाली होती. आता हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मला वाटलं ती रडेल. ती वळली, तानूबाईच्या खाटेखालची भरलेली बादली ओढली, किती घाण, किती घाण, डुकराचं तोंड फिरेल, असं म्हणत ती उचलली आणि नळाकडे चालू लागली. तानूबाई झोपेतून उठून बघत राहिली.

पुढे आम्ही घरी परतल्यावर पास्कू आला. तो कोपऱ्यात टोपी हातात धरून बसला. आम्हाला पुन्हा एकमेकांशी बोलायला वेळ लागला, ती गोष्ट इथली नाही. वाडीतल्या बायकांनी नंतर इगर्जीत माझ्या उंचीची मेणबत्ती लावून देवाने बरं केलं अशी मी साक्ष द्यावी असा आग्रह धरला. मी दिली नाही. साक्ष द्यायची तर मला फडक्यांबद्दल बोलावं लागलं असतं, आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

हे सगळं नंतरचं. वॉर्डात बाईडॉक्टरने मला चालायची परवानगी दिली त्या सकाळी मी मायच्या मागोमाग नळावर गेले. तिने तानूबाईची बादली खाली ठेवली. वाकायला जमतंय म्हणून मी एक फडकं उचललं. दीड वर्ष मी ह्याच वासात जगले होते, तरी दुसरीचा वास दुसरीचाच. हाताला चिकट लागलं, नाकात गेलं आणि मी नळाच्या कडेला भडभडून ओकले. बाजूला उभी राहून मी मायला म्हटलं की मला हे जमणार नाही.

तिने माझ्या तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि ते फडकं उचलून परत माझ्या हातात दिलं.

"ओक गो," ती म्हणाली. "ओकून झाला की परत धर."

मी धरलं.